केसाची साक्ष

सांजच्याला मेंढरं माळावरून तळावर आली की कोकरं आयांकडं सोडायची, ही रोजची वेळ. त्या वेळी नुसता गलका उठायचा. शेकड्यानं आया ओरडायच्या, कोकरं दुडक्या चालीनं कासेला झोंबायची, आणि थोड्या वेळानं सगळं गप होऊन फक्त चुटूचुटू पिण्याचा आवाज यायचा. त्या दिवशी सगळं गप झालं तरी भुऱ्या कानाची एक मेंढी ओरडतच राहिली. कास तटतटलेली होती. एकेका कोकराला हुंगायची, ढुशी देऊन बाजूला सारायची, की पुन्हा ओरडायची.

"बजरंगा, हिचं कुठंय?" बब्रुवाननं विचारलं.

बजरंग हा धुरपताबाईचा धाकटा भाऊ, म्हणजे बब्रुवानचा मेव्हणा. बायको वारली, पाठोपाठ स्वतःची मेंढरं रोगात गेली, तेव्हापासून तो बहिणीच्याच घरी होता. थोरली मेंढरं बब्रुवान माळावर न्यायचा आणि कोवळी कोकरं बजरंग तळाच्या आसपास, ओघळीच्या कडंनं राखायचा.

"न्हेलं," बजरंग म्हणाला.

"कुणी?"

"लांडग्यानं. ओघळीतनं वर आला न् उचलून गेला."

"आन् तू काय करत हुतास?"

"हाळी दिली. धोंडा भिरकावला. तवर गेलाबी."

पौष लागल्यापासनं हे तिसरं कोकरू. बब्रुवान ओघळीपर्यंत जाऊन आला. खाली वाकून, बाभळीच्या फांद्या बाजूला सारून त्यानं बघितलं. रक्त नव्हतं, लोकर नव्हती. जमीन इतकी कडक झाली होती की पाय उमटायची सोय नव्हती.

मेंढरं बसवली होती ती पट्टी इंद्रजित पाटलाची. सोयाबीन निघून रान मोकळं झालं होतं. मेंढरं रात्री तिथं बसायची, लेंड्या-मुताचं खत रानाला मिळायचं, आणि त्याबदल्यात पाटील ज्वारी घालायचा. ते खत कुठंवर पडलं ते बघायला म्हणून नेमका त्याच वेळी पाटील मोटारसायकलवरून आला. मागं त्याचे दोन गडी. काय झालं ते त्यानं ऐकून घेतलं आणि मिशीतल्या मिशीत हसला.

"बब्रुवानराव, तुमचा लांडगा लई शिकलेला दिसतोय. रगताचा थेंब सांडत न्हाय."

पाटलानं मोटारसायकलचा स्टँड लावला.

"परवा कळंबच्या बाजारात तुमचा मेव्हणा दिसला मला. खांद्यावर घोंगडं हुतं. आन् घोंगड्यात कायतर वळवळत हुतं. म्या म्हनलं, असंल बाबा त्याचं काय."

गडी एकमेकांकडं बघायला लागले. बजरंग मेंढरं रात्री कोंडायच्या वाघरीच्या जाळ्याची खुंटी ठोकत होता. त्याचा हात थांबला, पण त्यानं मान वर केली नाही. तेवढ्यावरनं बब्रुवानच्या डोक्यात तिडीक गेली. पाटलासमोर आपलं घर उघडं पडलं, असं त्याला झालं.

"का रं बजरंगा," तो म्हणाला, "लांडग्याला दोन पाय फुटले का?"

गडी खो-खो हसले. बजरंग उठला.

"दाजी, तुमीबी तेच म्हणताव?"

"म्या काय म्हणायचं? कोकरू बोलंना, लांडगा बोलंना. तू तर बोल."

हातातला दगड बजरंगनं खुंटीशेजारी ठेवला, घोंगडं झटकलं, खांद्यावर टाकलं आणि बांधाबांधानं सडकेकडं चालू लागला. जाईल कुठं, जेवायला येईलच, असं बब्रुवान मनाशी म्हणाला. बजरंग त्या दिवशी आला नाही आणि नंतरही आला नाही. चार दिवसांनी कुणीतरी सांगितलं, तो कळंबच्या मोंढ्यात हमाली करतोय. पोती उचलतोय.

धुरपताबाईनं नवऱ्याशी भांडण केलं नाही. तिनं फक्त बोलणं टाकलं. भाकरी थापायची, कोरड्यास वाढायची, ताट पुढं सरकवायची, आणि जे सांगायचं ते चुलीला नाहीतर मांजराला सांगायची. "मीठ संपलंय." "मेंढीला जुलाब लागलाय, कुणीतरी बघा." बब्रुवानही हट्टी. तोही खांबाकडं बघून उत्तर द्यायचा. कोकरांमागं आता धुरपताबाईच जाऊ लागली. तिचे गुडघे दुखायचे, पण तिनं ते कुणाला सांगितलं नाही.

संक्रांतीच्या सुट्टीला मोनिका घरी आली ती ह्या अशा घरात. मोनिका ही त्यांची थोरली पोर. धाराशिवला कॉलेजात प्राणिशास्त्राचं शेवटचं वर्ष शिकत होती. मामा कुठंय, हे तिनं आल्या आल्या विचारलं आणि जे कळायचं ते तिला माय-बापाच्या तोंडांवरूनच कळलं. जरा वेळ ती उंबऱ्यावर बसून राहिली. मग पाणी पिऊन बापाला म्हणाली,

"आबा, मला लांडगा हिंडतो तो माळ दाखवा."

"कशाला?"

"मला त्याची विष्ठा गोळा करायचीय."

बब्रुवानला आधी कळलंच नाही. कळल्यावर त्यानं पागोट्याखाली खाजवलं. "त्याचं हगणं? त्यापायी शिकाय घातली व्हय तुला?"

"लांडगा काय खातो त्याचा अभ्यास हाय. शांतलिंग सरांनी दिलाय. वनखात्याचा कागदबी हाय माझ्याजवळ."

"काय खातो ते म्या सांगतो की. मेंढरं खातो. लिही."

"तुमी सांगून चालत न्हाय, आबा. दाखवाय लागतं."

दुसऱ्या दिवशी मेंढरं पुढं घालून बाप-लेक भैरोबाच्या माळावर गेले. कुसळी गवत वाळून पांढरं पडलं होतं आणि पायाला टोचत होतं. वारा बालाघाटाकडून येत होता. बब्रुवानला लांडग्याच्या वाटा ठाऊक होत्या. लांडगा आडरानात घाण करायला बसत नाही, वाटेवर बसतो, तिठ्यावर, नाहीतर उंच धोंड्याजवळ, सगळ्यांना वास यावा म्हणून. त्यानं न बोलता पोरीला एका धोंड्याजवळ नेलं आणि काठीचं टोक दाखवलं.

वाळून राखेसारखं झालेलं होतं ते. बोटाएवढं जाड, टोकाला पिळा पडलेला. मोनिकानं दप्तरातून हातमोजे काढून घातले, एक जोड बापाला दिली.

"उघड्या हातानं शिवू नका. यातल्या जंताची अंडी पोटात गेली तर लई वाईट. काळजात, फुप्फुसात गाठी होत्यात."

मोजे बब्रुवानच्या पंजाला बसेनात. शेवटी त्यानं हाताला प्लास्टिकची पिशवी गुंडाळली. उभ्या आयुष्यात ज्या जनावराच्या मागं त्यानं शिव्या घालत धोंडे फेकले होते, त्याची घाण तो गुडघ्यावर बसून कागदी पाकिटात भरत होता. खालच्या पांदीनं एक ओळखीचा माणूस सायकलवरून जाताना थांबून बघू लागला, तेव्हा बब्रुवाननं बुटाची नाडी बांधल्यासारखं केलं. पायात वहाण होती.

मोनिकानं चिमट्यानं एक तुकडा फोडला. आत नुसते केस होते. दाबून दाबून बसवलेले.

"बघा. मांस जिरतं, हाडबी बरंच जिरतं. केस न्हाय जिरत. जे खाल्लं त्याचा केस जसाच्या तसा भायेर येतो."

"आन् केसावरनं कळतं? कशाचा हाय ते?"

"सूक्ष्मदर्शकाखाली कळतं. सशाचा येगळा, काळविटाचा येगळा, उंदराचा येगळा."

बब्रुवान काठीवर भार देऊन उभा राहिला. मेंढरं पुढं पांगली होती, त्यानं हाळी दिली नाही.

"कोकराचा कळंल?"

मोनिकानं वर बघितलं. तिलाही तोवर ते सुचलं नव्हतं असं नाही.

"मेंढीच्या जातीचा हाय एवढं कळंल."

"आपल्या कोकराचा?"

"ते न्हाय कळायचं, आबा. केसावर नाव नसतंय."

तो मेंढरांकडं वळला. मात्र त्या दिवसापासून बब्रुवानला नाद लागल्यासारखं झालं. पोरगी अभ्यासाला घरी बसली तरी तो खिशात पाकिटं घेऊन माळावर जायचा. ओघळीच्या दोन्ही कडा, भैरोबाचा चौथरा, पाझर तलावाचा भराव, सगळं त्यानं पालथं घातलं. आणि दरवेळी पाकीट बंद करताना त्याच्या मनात एकच घोळायचं. ह्यात मेंढीचा केस निघाला, तर मी त्या माणसाला चार लोकांत चोर ठरवलं, ते खोटं. नाही निघाला, तर माझ्या बायकोचा भाऊ चोर. काय निघावं असं आपल्याला वाटतंय, हे त्यानं स्वतःला विचारून बघितलं. पाटलासमोरचा आपला शब्द खरा व्हावा असं एका कोपऱ्यात वाटत होतं. ते वाटतंय हे कळल्यावर मात्र त्याला तोंडात कडू आल्यासारखं झालं.

धुण्याचं काम अंगणात झालं. मोनिकानं पिठाची जुनी चाळण मागितली, तेव्हा धुरपताबाई कडाडली.

"माझ्या चाळणीत लांडग्याचं हगणं धुतीस? उद्या त्यातच पीठ चाळू का?"

"तुला नवी आणून देते, माय."

"नवी आण न्हायतर सोन्याची आण. हितं दारात ही घाण नगं."

बब्रुवान गोठ्याशी उभा होता. मोनिका हळू आवाजात म्हणाली, "माय, यात केस निघत्यात. लांडग्यानं आपली कोकरं खाल्ली का न्हाय, त्याचा थोडा तरी माग लागंल."

धुरपताबाईनं एकदा गोठ्याकडं बघितलं. ती आत गेली. बराच वेळ आली नाही. आली ती चाळण, एक फुटकं घमेलं आणि पाण्याची कळशी घेऊन. कळशी खाली ठेवून ती तिथंच उकिडवी बसली आणि पदर नाकाला लावून पाणी ओतू लागली. भिजलेल्या विष्ठेचा उग्र वास अंगणभर सुटला, शेजारणीनं खिडकी लावून घेतली. चाळणीत केसांचे बारके पुंजके राहायचे, कधी हाडाचा चुरा, कधी उंदराचा दात, एकदा तर बोराच्या बिया.

"बोरंबी खातं व्हय मेलं," धुरपताबाई म्हणाली.

ओळख पटवायला माहितीतले केसही लागतात, असं मोनिका म्हणाली. मग बब्रुवाननं मेंढीचे, कोकराचे, शेळीचे, कुत्र्याचे, सगळ्यांचे केस मुळापासून उपटून एकेका कागदाच्या पुडीत बांधले आणि पुडीवर पोरीनं नावं लिहिली. धुरपताबाईनं तिला एकीकडं घेतलं.

"जे काय निघंल ते आधी मला सांगायचं. तुझ्या बापाला न्हाय. मला."

"तुमी दोघंबी चला की धाराशिवला. सर न्हाय म्हणणार न्हायीत."

मेंढरं दोन दिवस चुलत भावाकडं लावून तिघं तालुक्याच्या गावाहून, वाशीहून, एस.टी.नं निघाले. गाडीत माय-लेक एका बाकावर आणि बब्रुवान मागं, दाराजवळ.

कॉलेजातली प्रयोगशाळा लांबडी होती. बाटल्यांत साप, खेकडे, कसली कसली पिल्लं पाण्यात बसलेली. शांतलिंग सर पन्नाशीतले, कपाळाला भस्माचं बोट, अंगात पांढरा कोट. त्यांनी दोघांना स्टुलावर बसवलं, चहा मागवला. मोनिकानं धुऊन वाळवलेले केस काचेच्या पट्टीवर ठेवायला घेतले. एका पट्टीवर तिनं नखाला लावतात ते बिनरंगी पॉलिश पसरलं आणि अर्धवट वाळल्यावर त्यावर केस दाबून बसवला.

"पॉलिश कशाला लावती?" धुरपताबाईनं विचारलं.

"केसाच्या बाहेरून माशासारखे खवले असतात, बाई," सर म्हणाले. "केस काढून घेतला की पॉलिशवर त्यांचा ठसा राहतो. शिक्क्यासारखा. आणि दुसऱ्या पट्टीत केसाचा आतला गाभा बघायचा. दोन्ही मिळून जनावर ओळखायचं. या काका, आधी तुम्ही बघा."

बब्रुवाननं पागोटं काढून मांडीवर ठेवलं आणि नळीला डोळा लावला. आधी त्याला काही दिसेना. काळं काहीतरी फडफडत होतं, ती त्याचीच पापणी होती. सरांनी चाक फिरवलं तसं सगळं स्वच्छ झालं आणि तो दचकून मागं सरला. मग पुन्हा वाकला.

"हा सशाचा," सर म्हणाले. "काय दिसतं?"

"कणीस," बब्रुवान म्हणाला. "मक्याचं. दाण्याच्या वळी."

"बरोबर. सशाच्या केसात गाभा असाच असतो. आता हा काळविटाचा बघा. आत जाळी दिसेल, मधाच्या पोळ्यासारखी, कडेपर्यंत भरलेली. आणि हा तुमच्या मेंढीचा, तुम्हीच आणलेला."

मेंढीचा केस बब्रुवाननं जन्मभर हाताळला होता. कातरला होता, पिंजला होता, अंगावर पांघरला होता. तो असा असतो हे त्याला माहीत नव्हतं. एकात एक बसवलेल्या पेल्यांसारखे खवले चढत गेलेले, आणि आत गाभा जवळजवळ नाहीच. तो बराच वेळ बघत राहिला. धुरपताबाई मागून खाकरली तेव्हा उठला. तिनंही डोळा लावून बघितलं.

दुपार झाली. मोनिका एकामागून एक पट्ट्या लावत होती, बघून सरांना देत होती. ससा. उंदीर. पुन्हा उंदीर. लांडग्याचा स्वतःचाच केस, अंग चाटताना पोटात गेलेला. बब्रुवान खिडकीशी उभा राहून बाहेरच्या सायकली बघत होता. त्याचं सगळं ध्यान पाठीमागं होतं. आणि मग मोनिका बोलायची थांबली. तिनं पट्टी काढली, दुसरी लावली, पुन्हा पहिली लावली. "सर," ती म्हणाली.

सरांनी बघितलं. मेंढीच्या ओळखीच्या पट्टीशी ताडून बघितलं. मग खवल्यांचा ठसा बघितला.

"मेंढी," ते म्हणाले. "शंका नको. कुठलं पाकीट हे?"

"ओघळीच्या कडंचं," मोनिका म्हणाली. "हे दुसरंबी तिथलंच. ह्यातबी हाय."

धुरपताबाईनं पदर तोंडाला लावला. बब्रुवानच्या छातीवरची एखादी धोंड सरकल्यासारखं झालं. तो पुढं आला.

"म्हंजी लांडग्यानंच न्हेली. कोकरं."

सरांनी चष्मा काढून कोटाला पुसला.

"काका, लांडग्यानं मेंढी खाल्ली एवढं हा केस सांगतो. कोवळ्या कोकराचा केस की थोरल्या मेंढीचा, हे मला एवढ्यावरून छातीठोक सांगता येणार नाही. आणि जिवंत उचलून नेली की मेलेली खाल्ली, हे तर कुठलाच केस सांगत नाही. तुमच्याकडं मेंढरू मेलं तर टाकता कुठं?"

बब्रुवाननं बायकोकडं बघितलं.

"ओघळीत," धुरपताबाई म्हणाली. "मार्गशीर्षात दोन मेली, ती तिथंच टाकली. यांनीच वढत न्हेली."

"मग ती लांडग्यानं खाल्ली असणारच. सोडतो कशाला?"

मोनिका खाली मान घालून पट्टी पुसत राहिली. सरांच्या बोलण्यात कमीपणा दाखवायचा भाव नव्हता. जेवढं दिसतं तेवढंच बोलायची त्यांना सवय होती. बब्रुवाननं पागोटं डोक्याला गुंडाळलं, एक पीळ चुकला, पुन्हा गुंडाळलं.

मोनिकाला तिथंच सोडून नवरा-बायको स्टँडवर आले. गर्दी होती. तुळजापूरहून देवीचं दर्शन करून आलेली माणसं कपाळाला कुंकवाचा मळवट भरून पथारी टाकून बसली होती. ही दोघं एका खांबाशी उभी राहिली. आणि किती तरी दिवसांनी धुरपताबाई थेट नवऱ्याकडं बघून बोलली.

"लांडग्याच्या हगण्यात माझ्या भावाचं इमान हुडकाया गेलो आपुन."

बब्रुवाननं खांबाकडं तोंड फिरवलं.

"तुमाला काय म्हणू? म्याबी गेले. चाळणी घेऊन बसले. पोटात एकच, यात निघू दे गं भवानी. म्हंजी माझाबी भरोसा नव्हता त्याच्यावर. पाठचा भाऊ माझा." ती थांबली. "त्याच्यापशी जाऊन नीट इचारलं का कुणी? तुमी चार माणसांत इचारलं. म्या तर इचारलंच न्हाय."

वाशीची गाडी लागली. धुरपताबाई तिच्याकडं निघाली, मग मागं वळून बघितलं. बब्रुवान जागचा हलला नव्हता.

"तू हो म्होरं," तो म्हणाला. "म्या कळंबला जाऊन येतो."

येरमाळ्यावरून गाडी कळंबला निघाली तेव्हा उन्हं कलायला लागली होती. खिडकीच्या गजाला कपाळ टेकवून बब्रुवान काय बोलायचं ते जुळवत होता. बोलणं सोपं होतं. 'मशीनखाली मेंढीचा केस निघाला. तू खरा ठरलास. चल घरी.' यात एक शब्दही खोटा नव्हता. तेवढ्यात भागलं असतं. बजरंगची मान वर झाली असती आणि आपलीही फार खाली गेली नसती. कॉलेजच्या माणसाचा हवाला होता, पाटलालाही तोंडावर सांगता आलं असतं. बब्रुवाननं ते वाक्य दोन-तीनदा मनात म्हणून बघितलं, नीट बसत होतं.

मोंढ्यात तुरीची आवक होती. धुळीनं माणसं ओळखू येत नव्हती. एका आडतीसमोर पोत्यांच्या थप्पीला टेकून बजरंग बसला होता. डोक्यावर पोत्याची खोळ, मानेवर घामाचे काळे ओघळ. बब्रुवान अगदी पुढ्यात जाऊन उभा राहिला तेव्हा त्यानं वर बघितलं, डोळे बारीक केले.

"कोण? दाजी?"

"व्हय."

"आक्का बरी हाय न्हवं?"

"बरी हाय."

बब्रुवान शेजारी बसला. खाली तूर सांडली होती, ती हातानं बाजूला केली.

"मोनीच्या कॉलेजात गेलतो. लांडग्याच्या इष्ठेतले केस बघितले मशीनखाली. मेंढीचे निघाले."

बजरंग त्याच्याकडं बघत राहिला.

"मग?"

हीच ती जागा होती. जुळवलेलं वाक्य जिभेवर होतं. बब्रुवाननं हातातले तुरीचे दाणे एकेक करून खाली टाकले.

"मग काय न्हाय. ओघळीत आपुन मेलेली मेंढरं टाकलीवती, त्यांचेबी असतील. सर म्हणले, केसावरनं त्ये कळत न्हाय."

"मग कशापायी आलाव?"

"तुला न्यायला."

आडतीतून कुणीतरी बजरंगच्या नावानं हाक मारली. तो उठला नाही.

"दाजी," तो म्हणाला, "तीन गेली. दोन त्यानं न्हेली. एक म्या इकलं."

बब्रुवान उठायलाच लागला होता, पण बजरंगचं बोलणं थांबलं नव्हतं. तो समोरच्या धुळीकडं बघून सावकाश बोलत होता.

"दिवाळीपासनं दिस कलला की मला दिसंना झालंय. सकाळी बरं असतं. सांज झाली की धोंडा का कोकरू, कळत न्हाय. पयलं न्हेलं तवा म्या त्याच्याकडंच बघत हुतो. कुत्रं म्हनलं. जवळनं गेला, दाजी. हाताच्या अंतरावर. तवा भ्याव वाटलं. समदी कोकरं जातील माझ्या पायी. म्हनलं, डोळं दाखवावं. कळंबात डागदर हाय. एक कोकरू घोंगड्यात घातलं न् आणलं. मग त्या सांजचं, भुऱ्या कानीचं, ते पुन्ना त्यानंच न्हेलं."

"मला सांगायचं हुतं."

"काय सांगू? मेंढक्याला दिसत न्हाय म्हनल्यावर त्यानं बहिणीच्या दारात बसून खायाचं कशाच्या जोरावर?"

"पैशे मागायचं हुतं. दिलं असतं म्या."

बजरंगनं यावर काहीच म्हटलं नाही. आणि त्या गप्प बसण्यात बब्रुवानला स्वतःचंच बोलणं ऐकू आलं. दिलं असतं का? बजरंग म्हणाला असता, दाजी, मला डोळं दाखवायचेत. आपण हसलो असतो. म्हणालो असतो, तुला काय पोथी वाचायचीय व्हय रं. इतकी वर्षं तो राबला. घरचाच माणूस म्हणून त्याच्या हातात कधी काही ठेवलं नाही. घरचाच म्हणून. मागच्या महिन्यात बांधावर ठेच लागून तो पडला, तेव्हा आपण त्याला आंधळा म्हणून शिवी दिली होती. शिवी दिली आणि मेंढरांमागं निघून गेलो.

"काय म्हणला डागदर?" थोड्या वेळानं त्यानं विचारलं.

"मोतीबिंदू हाय म्हणला. दोन्हीकडं. आप्रेशन करा. मोतीबिंदूला भ्यायचं न्हाय, म्हणला."

"करू," बब्रुवान म्हणाला. मग जरा सरकून बसत म्हणाला, "पोरीला इचारू, सरकारी दवाखान्यात कवा करत्यात ते. तवर थोरली मेंढरं तू घे. दिसा. कोकरं म्या बघतो."

बजरंगनं डोक्यावरची खोळ काढून घडी घातली.

"पाटलाला काय सांगणार?"

बब्रुवाननं विचार केला.

"एक इकलं म्हणून सांगन. माझ्या घरचं हुतं, माझ्या घरच्यानं इकलं. त्याच्या बापाचं काय गेलं?"

बजरंग हसला नाही, पण त्याच्या चेहऱ्यावरचं काहीतरी सैल झालं. मुकादमाला सांगून येतो म्हणून तो आत गेला. आला तेव्हा त्याच्या खांद्यावर घोंगडं होतं.

स्टँडवर पोचेपर्यंत दिवे लागले. वाशीची शेवटची गाडी आधीच भरत आली होती. सडकेच्या कडेनं चालताना बब्रुवान मुद्दाम त्याच्या उजव्या अंगानं, गाड्यांच्या बाजूनं चालत होता. गाडीशी आल्यावर त्यानं बजरंगचा दंड धरला. बजरंगनं हिसका देऊन तो सोडवून घेतला.

"पायरी दिसती मला."

"बरं."

बजरंगनं दाराचा दांडा चाचपून धरला, एक पाय वर ठेवला, जरा थांबला, मग दुसरा ठेवला. बब्रुवान त्याच्या मागं, दोन्ही हात त्याच्या पाठीशी पसरून, न शिवता, एकेक पायरी चढला.